मॅडम, तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

परवा कपाट आवरताना तो पुठ्ठा हाताला लागला. शिवणकामाच्या ट्रेसिंग व्हीलने, म्हणजे ठिपके उठवणाऱ्या दातेरी चाकाने, तुम्ही काढलेला मागणी वक्र: किंमत उतरली की मागणी वाढते हे दाखवणारी रेषा. ठिपके थोडे दबलेत, पण बोट ठेवलं की अजूनही ते डावीकडून उजवीकडे खाली उतरत जातं. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तुम्ही जे केलंत ते इतर प्राध्यापकांनाही करता येण्यासारखं आहे.

२०१८ साली मी एफवायला आलो. त्याआधी एका कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावरच ऐकून घेतलं होतं, "अर्थशास्त्र नको घेऊस, आकृत्या असतात, तुला झेपणार नाही." तुम्ही पहिला तास संपल्यावर मला थांबवलंत आणि विचारलंत, "तुला काय केलं की नीट कळतं? मी आजवर अंध विद्यार्थ्याला शिकवलेलं नाही, तूच सांग." असं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मला काय जमणार नाही, हे मात्र प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असायचं.

दुसऱ्या दिवसापासून "हे इथून इकडे सरकलं" हे वाक्य तुमच्या तासातून गेलं. "किंमत दहावरून आठवर आली, मागणी वीसवरून तीसवर गेली," असं तुम्ही फळ्यावर लिहिता लिहिता बोलू लागलात. मागच्या बाकावरची मुलं म्हणायची, आता आम्हालाही वहीत उतरवायला सोपं जातं.

नोट्सचा घोळ तुम्हाला आठवत असेल. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली ती फाइल डोळ्यांना मराठी दिसायची, पण माझ्या लॅपटॉपवरचं एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तिच्यातून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच वाचायचं. झेरॉक्सचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमधून तर काहीच ऐकू येत नसे. मी ते सांगितलं आणि तुम्ही दर रविवारी बसून एकेक प्रकरण एनव्हीडीएला वाचता येईल अशा युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलंत. त्या नोट्स तासाच्या आधी मिळायच्या, म्हणून मी वर्गात प्रश्न विचारू शकायचो.

आणि तो पुठ्ठा! पहिला वक्र तुम्ही मोठ्या कौतुकाने माझ्या हाती दिलात. मी बोट फिरवलं आणि म्हणालो, "मॅडम, हा तर वर चढतोय, म्हणजे पुरवठा वक्र." चाक एका बाजूने फिरतं आणि ठिपके दुसऱ्या बाजूला उठतात, त्यामुळे डावं-उजवं उलटं झालं होतं. तुम्ही तिथेच बसून आरशातल्यासारखी उलटी आकृती काढलीत. समवृत्ती वक्रांचे, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांचे, तर तीन पुठ्ठे झाले.

परीक्षेचं मात्र मन भरून सांगायचंय. लेखनिक म्हणून आलेली बारावीची मुलगी विज्ञानाची. 'सीमांत उपयोगिता' हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. तुम्ही आठ दिवस आधी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून मी सांगायचं, तिने लिहायचं असा सराव करून घेतलात. तरी पहिल्याच पेपरला तीन तास होताच पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढली. तुम्ही धावत आलात. हातात केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या: तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. तुमचा आवाज चढला नाही. "ही मेहेरबानी नाही, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे," एवढंच म्हणालात. उत्तरपत्रिका परत मिळाली. त्या तासात मी दोन प्रश्न पुरे केले.

तुम्ही सोयी दिल्यात, मार्क कधी वाढवून दिले नाहीत. पहिल्या चाचणीत वीसपैकी नऊ दिलेत आणि शेजारी बसून कुठे चुकलं ते सांगितलंत. तेव्हा वाईट वाटलं होतं. पण वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने तपासला गेलेला तो माझा पहिला पेपर, म्हणून ते नऊ मार्क मला आजही प्यारे आहेत.

आता मी बँकेत आहे, कर्जाच्या फाइली बघतो. आपल्या कॉलेजात यंदा एक अंध मुलगी अर्थशास्त्राला आल्याचं कळलं. माझे पुठ्ठे तिच्या बोटांना पुरेसे लागणार नाहीत, नवे करायला हवेत. दिवाळीच्या सुट्टीत येतो. चाक तेवढं शोधून ठेवा, जाड कार्डशीट मी घेऊन येईन.

आपला विद्यार्थी