मेंढीच्या लोकरीचाही भाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी थंडी सुरू झाली की आपल्या पेपरात मेंढ्यांच्या कळपाचा फोटो येतो, मागे डोंगर, पुढे पागोटेवाला मेंढपाळ, घोड्यावर संसार लादलेला, आणि खाली एक छान ओळ. फोटो मला मनापासून आवडतात, काही तर कापून ठेवलेत मी. पण त्या मेंढ्यांच्या अंगावरच्या लोकरीचं पुढे काय होतं हे कुठेच वाचायला मिळत नाही म्हणून आज लिहायला बसले. मी साताऱ्यात राहते, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात लोकर धुते, कातते, रंगवते आणि विणते. हा माझा धंदा नाही, आवड आहे, पण आवड असली की माणूस त्या गोष्टीच्या मुळाशी जातो आणि तिथे जे दिसलं ते सांगावंसं वाटतं.

इथल्या दुकानात लोकर मागितली की काउंटरवर जे रंगीत गुंडे येतात ते जवळपास सगळे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक पेट्रोलियमपासून बनतं, मेंढीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ओळखायचं असेल तर एक छोटा धागा चिमट्यात धरून काडी लावा, खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरडली जाते, ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. ॲक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही हां, बाळाच्या दुपट्याला मीही तेच वापरते कारण ते रोज धुता येतं. पण खऱ्या लोकरीची ऊब वेगळीच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून घाम आला तरी अंग गार पडत नाही.

मग खरी लोकर हवी तर काय करायचं, ऑनलाइन मागवायची, ती बहुतेक ऑस्ट्रेलियाची मेरिनो, म्हणजे मऊ लोकरीच्या मेंढीची, आणि एका स्वेटरपुरती घ्यायची म्हटलं तरी महिन्याचं बजेट हलतं. आणि इकडे आपल्याच जिल्ह्यात माण, खटाव, फलटण, शेजारी आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडे मेंढ्याच मेंढ्या. साताऱ्याहून दीड-दोन तासांवर दहिवडी. म्हणून मी थेट मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागी, जायला लागले.

पहिल्यांदा एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, मामा, कातरलेली लोकर विकत देता का, किलोला काय घेणार. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "इकत कसली ताई, न्या की पोतं भरून, उकिरड्यावरच जाणार हाय. कातरायला मानूस सांगितला त्याचं पैसं निघंनात, लोकरीचं काय घिऊन बसलाय." मी पैसे पुढे केले तर घेईनात, शेवटी त्यांच्या सुनेने घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पैशाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा होता, कारण या गोष्टीला कुणीतरी पैसे मोजतंय हेच तिला नवीन होतं. तिने मग आतून एक वेगळी पिशवी आणून दिली, कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर. हात लावला आणि कळलं की लोक जावळाच्या घोंगडीला एवढे पैसे का मोजतात.

हे एका वाड्यावरचं नाही, पुढे जिथे जिथे गेले तिथे हेच ऐकलं. एक दख्खनी मेंढी वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते. कातरणी वर्षातून दोनदा, हाताच्या कातरीने, मेंढीमागे मजुरी द्यायची, आणि न कातरून चालत नाही कारण मेंढीला खाज, उवा, गोचीड यांचा त्रास होतो. लोकरीतून ही मजुरी सुद्धा सुटत नसेल तर मेंढपाळ लोकरीकडे कशाला बघेल? तो मटणाकडेच बघणार. जतकडची माडग्याळ मेंढी आता सगळ्यांना हवी, ती पटकन वाढते आणि अंगावर लोकर नावालाच. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गॅरोल मेंढीतला जुळी देणारा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली, फार मोठं काम आहे ते, आणि मेंढपाळाच्या हातात त्यामुळे एकाऐवजी दोन कोकरं येतात. माझं म्हणणं एवढंच की मेंढीच्या पोटाचा आणि मटणाचा एवढा विचार झाला तर थोडा तिच्या पाठीचाही व्हावा.

आपली लोकर जाडीभरडी आहे हे खरंय. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला, आपला ३० च्या वरचा, त्यात राठ केस मिसळलेले. गळ्याला टोचते. पण जाड लोकर म्हणजे वाईट लोकर हे मला अजिबात मान्य नाही. बाहेरून घालायचं जाकीट, पिशव्या, बसकर, उशांचे अभ्रे, पायपुसणी, यांना मऊ लोकर चार दिवस टिकणार नाही आणि आपली वर्षानुवर्षं झिजत नाही. म्हसवडची घोंगडी काय उगाच नावाजलेली होती? घोंगडी विणणारी सनगर मंडळी त्या सुताला चिंचोक्याची खळ लावायची, मागावर विणायची, आणि त्याच घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की धो धो पावसात गुराखी कोरडा. जावळाच्या लोकरीची कानटोपी मी आतून मलमलचं अस्तर लावून विणते, घरातली लहान पोरं सुद्धा कुरकुर न करता घालतात.

आता काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते कारण पुढची मागणी त्याच्याशी जोडलेली आहे. पोतं घरी आलं की गच्चीवर चादर अंथरून आधी निवडायचं. कुसळं, गोखरू, लेंड्या, बाभळीचा काटा, सगळं निघतं त्यातून. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत. ते पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि मी ते कुंड्यांना घालते, मेंढीच्या घामात पोटॅशचे क्षार असतात ते झाडांना चालतात. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर त्यात नुसती दाबून ठेवायची, चोळायची अजिबात नाही, आणि गरमातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, चोळलं आणि पाण्याचा गरम-गार झटका बसला की ते एकमेकात अडकतात आणि सगळ्याचा बुरणूस, म्हणजे घट्ट गोळा, होऊन बसतो. वाळल्यावर तारेच्या दातांच्या दोन ब्रशनी पिंजायची, पेळू, म्हणजे कातायच्या सैल वळकट्या, करायचे आणि मग टकळीवर किंवा चरख्यावर कातायला घ्यायचे. निवडणं, धुणं आणि पिंजणं यातच सगळा वेळ जातो. कातणं म्हणजे सुख आहे, संध्याकाळी कुकर लावला की मी बाल्कनीत टकळी घेऊन बसते, शेजारच्या काकू भाजी निवडायला येतात, गप्पा चालू, हात चालू. मग दोन सुतं एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्यायचा, लड करायची, भिजवून टांगायची, की दुपदरी सूत विणायला तयार.

आणि रंग! याबद्दल मी कितीही बोलू शकते. लोणंदला मेंढ्यांचा बाजार मोठा आणि कांद्याचाही मोठा, म्हणजे लोकर आणि तिचा रंग एकाच गावात मिळतो. कांद्याची वाळकी सालं लोकरीच्या वजनाएवढी घ्यायची, तासभर उकळून गाळायची, १०० ग्रॅम लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी या हिशोबाने आधी लोकर तुरटीत मंद आचेवर ठेवून घ्यायची आणि मग त्या पाण्यात सोडायची, खळखळ उकळू द्यायची नाही, आणि पातेल्यातच गार होऊ द्यायची. सोनेरी, केशरी, कधी तांब्यासारखा असा काही रंग येतो की बघत बसावं. त्यातच चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की तोच रंग शेवाळी होतो, फक्त हिराकस जास्त झाला तर लोकर राठ होते. आटपाडीच्या डाळिंबाची साल तुरटीवर पिवळसर देते आणि हिराकसावर काळसर राखाडी. दसरा झाला की भाव पडलेला झेंडू लोक रस्त्याच्या कडेला ओतून जातात, माझ्यासाठी ते वर्षभराचं पिवळं सामान, पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवते. सांगलीची हळद, जिला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती तर तुरटीशिवायही लोकरीला धरते आणि काय झळाळतो तो पिवळा, पण उन्हात पटकन विटतो, म्हणून मी ती रोज वापरायच्या वस्तूला घेत नाही. पळस फुलला की माझ्या नवऱ्याला रविवारी गाडी कुठे वळवायची ते सांगावं लागत नाही. काळ्या लोकरीवर यातलं काहीच दिसत नाही, तिला तिच्याच रंगात ठेवते, आणि करड्या लोकरीवर कांद्याचा रंग असा मुरतो की तो दुकानातल्या कुठल्या शेडकार्डात सापडणार नाही. रंगाची पातेली आणि पळी मात्र कायम वेगळी, स्वयंपाकाच्या भांड्यात हे कुणी करू नये.

माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आता. सातारा, कराड, सांगली, मिरज, सगळीकडे विणणाऱ्या बायका आहेत, पुरुष पण आहेत थोडे. बहुतेकांना आपल्या मेंढीच्या लोकरीचं विणायला आवडेल पण पोतं घरी आणून लेंड्या निवडायची तयारी किंवा जागा सगळ्यांकडे नसते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईने ते करायचं कुठे? म्हणजे एका बाजूला लोकर फेकून देणारा मेंढपाळ आणि दुसऱ्या बाजूला पैसे हातात घेऊन उभी असलेली बाई, आणि मधलं निवडणं-धुणं-पिंजणं करणारं कुणीच नाही. मोठी गिरणी मी मागत नाहीये. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं फार्म आपल्याकडे दहिवडीला आहे, सांगली जिल्ह्यात रांजणीला आहे. तिथे धुतलेली, रंगाप्रमाणे वेगळी केलेली लोकर किलो-किलोच्या पिशवीत साध्या गिऱ्हाइकाला मिळावी, जावळाची पिशवी वेगळी, तिचा भाव वेगळा. एखाद्या बचत गटाला एक छोटं पिंजायचं मशीन मिळालं तर पाच-दहा किलोचं काम सुद्धा ते घेऊ शकतील. लोणंदच्या बाजारात मेंढ्यांशेजारी लोकरीसाठी एक ओटा ठेवला तर मेंढपाळ आपोआप आणेल, पण त्याला घरातून निघताना खात्री हवी की आज विकलं जाणार आहे. आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे फ्लॉवरपॉट करून घेतात त्याऐवजी एक टकळी आणि मूठभर लोकर पोरांच्या हातात द्यावी, धनगराच्या पोराला तरी त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त येत असेल.

आपल्याकडूनही एक हवंय. आपण रोज बाजारभाव छापता, कांदा, डाळिंब, हळद, बेदाणा, गूळ. त्यात लोकरीची एक ओळ येऊ द्या. काळी, पांढरी, जावळ, असे तीन भाव. आपला वार्ताहर विचारायला गेला तर निदान बाजार समितीत कुणाला तरी त्याचं उत्तर शोधावं लागेल, आणि वाड्यावरच्या त्या मामांना कळेल की पोत्यात आहे त्याची काहीतरी किंमत कुठेतरी लिहिली जाते.

माण, खटाव किंवा फलटण तालुक्यातला जो कुठला बचत गट लोकर निवडून धुऊन द्यायचं काम अंगावर घेईल त्यांच्यासाठी आम्हा मैत्रिणींची पहिली ऑर्डर १० किलोची, निम्मी पांढरी, निम्मी करडी. भाव गटाने ठरवावा, मेंढपाळाचे आणि कातरणाऱ्याचे पैसे त्यात धरावे, आणि अर्धी रक्कम आम्ही आगाऊ देऊ.

आपली,
विणकाम करणारी एक वाचक, सातारा