कारण: वैयक्तिक (कामगार मंत्र्यांना खुले पत्र)

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं काम करतो. आमच्या टीमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ‘हवामान खाते’. साहेबांची गाडी पार्किंगमध्ये शिरताना ज्याला दिसेल तो अंदाज टाकतो. ‘अंशतः ढगाळ.’ ‘विजांच्या कडकडाटासह.’ नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात लॅपटॉप मिळतो, दुसऱ्या आठवड्यात या ग्रुपची लिंक.

हसू येतं, मलाही येतं. पण साहेबाच्या जाचापुढे माणसं करतात काय, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. भांडत कुणी नाही, सगळे आभाळ बघतात. कुणी खोटा कॉल लावून हेडफोन चढवतो, कुणाचं नेमकं त्याच दिवशी पोट बिघडतं. माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी जिन्यात बसून डबा खायची, कारण पॅन्ट्रीत सगळ्यांदेखत साहेब म्हणायचे, ‘जेवायला बरा वेळ मिळतो तुम्हाला!’ पुढे तिने डबा आणणंच सोडलं. मग नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहिलं, ‘वैयक्तिक’.

सगळे तेच लिहितात. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडकलं तर पुढची नोकरी अडकते, आणि पुढची कंपनी चौकशीसाठी फोन करते तो याच साहेबांना. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे आजीपासून ऐकलंय. इथे पाण्याबाहेर पडल्यावरही माशाची धास्ती सुटत नाही.

आता कायद्याचं. छळ लैंगिक असेल तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्यात बाहेरचा एक सदस्य, चौकशीला 90 दिवसांची मुदत. अंमलबजावणी कशी होते ते सोडा, निदान तक्रारीला दार तरी आहे. पण आईवरून शिवी दिली, रात्री साडेअकराला फोन करून ‘नालायक’ म्हटलं, तर जायचं कुठे? एचआरकडे? ते साहेबांबरोबरच चहा पितात. कामगार न्यायालयात आधी सिद्ध करा की तुम्ही ‘कामगार’ आहात. हाताखाली दोन पोरं दिली आणि ‘लीड’ हे बिरुद चिकटवलं की कंपनीचा वकील पर्यवेक्षकाच्या व्याख्येवर बोट ठेवतो. पर्यवेक्षकाला ‘कामगार’ धरायची पगाराची मर्यादा पूर्वी महिना 10 हजार होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत 18 हजार. हिंजवडीत त्या पगारावर लीड सापडला तर मलाही दाखवा.

2024 मध्ये पुण्यात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली एक 26 वर्षांची मुलगी वारली. तिच्या आईने कामाच्या ताणाला दोष देत कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं, तेव्हा आपल्या विभागाचे अधिकारी तिच्या कार्यालयात पोचले. कळलं काय, तर 2007 पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2025 मध्ये, मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 करायला मंजुरी दिली.

एक कबुली देतो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. गेल्या वर्षी मला प्रमोशन मिळालं. तीन महिन्यांत एका नव्या मुलाची चूक निघाली आणि मी सगळ्यांसमोर बोललो, ‘तुझ्यासारखे दहा मिळतात बाहेर.’ वाक्य माझं नव्हतं. मला साहेबांनी ऐकवलेलं, शब्दन् शब्द तेच. तो मुलगा काहीच बोलला नाही, मान खाली घालून टाइप करत राहिला. नंतर मी माफी मागितली, तर म्हणाला, ‘चालतं सर.’ ते ‘चालतं’ अजून कानात आहे.

आमचं मागणं फार नाही. शिवीगाळ, अपमान आणि सततच्या धमकावणीची तक्रार ऐकणारी, कंपनीबाहेरची एक समिती जिल्ह्यात असावी, आणि ‘लीड’, ‘मॅनेजर’ म्हणवणाऱ्यांनाही तिथे जाता यावं. रिलीव्हिंग लेटर किती दिवसांत द्यायचं ते नियमात लिहा, न दिल्यास दंड ठेवा. आणि आपले निरीक्षक येतील तेव्हा हजेरीपटाबरोबर वर्षभरातले राजीनामेही मागवू द्या. एकाच साहेबाच्या हाताखालून सात जण ‘वैयक्तिक’ कारणाने गेले असतील, तर त्या सातांना विभागाने एकेक फोन करावा. फोन आला तर मी बोलेन.

तूर्त नाव लिहीत नाही. कारण वैयक्तिक.

आपला,
हिंजवडीतला एक कर्मचारी