ऐकू येतं, पण कळत नाही

प्रिय मनू,

इंग्रजीच्या तासाला ऐकलेलं काही कळत नाही, असं तू लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत, 'मी आहेच ढ.' पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं त्याला कुठून चिकटलं?

१९८६ साली इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकणाऱ्यांच्या धास्तीवर ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. शिक्षकांचा प्रत्येक शब्द कळला नाही की मी घाबरतो, बाकीच्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं असं सारखं वाटतं, अशा अर्थाची विधानं त्यात आहेत. तुझ्या मनातलं तुझ्या जन्माआधीच छापून आलंय म्हणायचं!

ऐकताना एक शब्द निसटतो. तू तिथेच अडतेस, स्वतःला बोल लावतेस, तोवर पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असतात. वाचताना मागे फिरता येतं. बोलणारा काही तुझ्यासाठी थांबत नाही. म्हणून ऐकण्यातली फजिती जास्त लागते. त्यात इंग्रजी बोलणारे छोटे शब्द गिळून टाकतात. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे पुस्तकातलं वाक्य कानावर 'वॉचा गना डू' होऊन पडतं. सगळे शब्द ओळखीचे, तरी ओळख पटत नाही. यात बुद्धीचा काय संबंध? आधी नुसतं ऐक, मग लिहिलेलं समोर ठेवून ऐक, मग पुन्हा न बघता. दोन मिनिटांचा तुकडा पुरे.

आता तू घेतलेली ती जाडजूड इंग्रजी कादंबरी. मैत्रिणी वाचतात म्हणून घेतलीस ना? हू आणि पॉल नेशन या भाषा-संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गोष्टीतले ८० टक्के शब्द कळत असूनही एकाही वाचकाला पुरेसा अर्थ लागला नव्हता. नीट समजायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी! तुझ्या पानावर किती आहेत ते मोज आणि खुशाल पुस्तक मिटून ठेव. मर्यादित शब्दांत लिहिलेल्या, पण मोठ्यांसाठीच्या गोष्टी मिळतात. त्या घे. लाज वाटली तर कव्हर घाल.

'तू हुशार आहेस' असं मी लिहिणार नाही. आईच्या म्हणण्याला कोण मानतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते 'हे मला जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काही जमवून दाखवल्यावर. सोपं पुस्तक शेवटपर्यंत वाचून होतं, एवढ्याचसाठी मला ते जड पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं.

सबटायटल्सचं विचारलं होतंस. मराठी लावलीस की डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात. इंग्रजीच लाव. कोणतं पुस्तक घेतलंस ते कळव.

तुझी,
आई