वाइन शोकेसमध्ये मुरत नाही हो!

संपादकसाहेब, स.न.वि.वि.

वाइनवर काहीही छापून आलं की 'जितकी जुनी तितकी भारी' हे वाक्य त्यात असतंच, परवा तुमच्या पुरवणीतही होतं. आम्ही पडलो नाशिककर, गप्प बसवत नाही. या एका समजापायी लोकांनी चांगल्या चांगल्या बाटल्यांची वाट लावलीय. कोणीतरी प्रेमाने गिफ्ट दिलेली शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन, ती टीव्हीच्या वरच्या कप्प्यात मुलांच्या ट्रॉफ्यांशेजारी उभी, का तर पोरीच्या लग्नात उघडू. लग्नापर्यंत ती तपकिरी पडलेली असते आणि ठेचलेल्या सफरचंदाचा वास मारते.

जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच बनवतात. आमच्याकडची शेनिन, सोव्हिन्यों ब्लाँ तर नक्कीच, उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्षं तोडायची, टाकीत थंड ठेवून आंबवायची आणि बाटल्या भरायच्या, सगळी मजा त्या ताजेपणात. ठेवायची वाइन वेगळी असते. इटलीतली बारोलो घ्या, नेबिओलो द्राक्षाची, कोवळी असताना एवढी तुरट की जीभ टाळूला चिकटते. 38 महिने झाल्याशिवाय ती विकायला तिथला नियमच परवानगी देत नाही, आणि त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. सालीतून-बियांतून आलेलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, तिच्यात भरपूर असतं, ते वर्षं जातील तसं रंगद्रव्यांना आणि आपसात चिकटत जातं, तुरटपणा खाली येतो, तळाशी गाळ बसतो, लाल रंग विटकरी होतो आणि फळाच्या वासाच्या जागी सुकी पानं, चामडं, तंबाखू असलं काहीतरी यायला लागतं. लिहिताना विचित्र वाटतं, पिताना नाही.

पण हे सगळं कुठे, तर 12-14 अंशांत, अंधारात, कॉर्क ओला राहावा म्हणून आडव्या ठेवलेल्या बाटलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या आसपास, तिथे किती का धीर धरा. लोकांना वाटतं लोणच्यासारखी मुरेल, अहो लोणच्याला मीठ आणि तेल राखत असतं, इथे 13 टक्के अल्कोहोल कुठे कुठे पुरणार? व्हिस्कीवरची '12 वर्षं' पण पिंपातली असतात, बाटलीत ती वाढत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. उष्णतेत सुधारलेली एकच वाइन मला ठाऊक आहे, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची मदेरा. पोर्तुगीज जहाजांतून विषुववृत्त ओलांडून पिंपं जायची यायची आणि परत आल्यावर जास्त चवदार लागायची, मग तिथल्या लोकांनी मुद्दाम तापवायला सुरुवात केली. पण तिच्यात वरून स्पिरिट घातलेलं असतं, आपल्या शिराझ रेडने तो नाद करू नये.

धीरच धरायचा तर अर्धा तास धरा, तो फुकट आहे. चारशे-पाचशेची रेड पण उघडल्याउघडल्या कधी कधी विझलेल्या काडीपेटीचा वास देते, लोक तोंड वाकडं करून म्हणतात देशी माल. नुसतं बूच काढून ठेवून काही होत नाही, बाटलीच्या गळ्यातून हवा जाऊन जाऊन जाणार किती! काचेच्या जगमध्ये ओता, हलवा, ठेवून द्या. गंधकाचा वास उडून जातो, मग शिराझमधली काळी मिरी नाकाला कळते. मात्र खरोखर जुनी बाटली असेल तर गाळ मागे ठेवून हलक्या हाताने ओता आणि लगेच प्या, तिला फार हवा सोसत नाही. उरलेली रेड फ्रिजमध्येच ठेवायची (हो, रेडसुद्धा), तीन-चार दिवस ठीक, पुढे शिर्क्याच्या वाटेला लागते.

आता खरी तक्रार. आमच्या भागातल्या एका दुकानात व्हाइट वाइन दर्शनी काचेत उभी मांडलेली असते, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. तीन वर्षांपूर्वीच्या तोडणीची बाटली पूर्ण एमआरपीला हातात देतात आणि वर म्हणतात, साहेब जुना स्टॉक आहे, लकी आहात. बदलून मागितली तर हसले. बिअरवर कधीपर्यंत प्यावी ते छापतात ना, मग या हलक्या वाइनवरही 'अमुक काळात प्या' अशी ओळ मराठीत टाकायला काय हरकत आहे? वायनरीवाल्यांनी मनावर घ्यावं, आणि तुम्ही पुढच्या पुरवणीत त्या जुन्या वाक्याच्या जागी तोडणीचं साल लेबलवर कुठे बघायचं तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, नाशिक