आबांच्या मेडलांचा अर्ज

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आबांना १९७१ च्या लढाईच्या वेळची राहिलेली मेडलं मिळावीत म्हणून तू पाठवलेला अर्जाचा मसुदा मिळाला. नीट वाचला. फोनवर सगळं सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितो आहे. हे पत्र समोर ठेवून अर्ज पुन्हा टाईप कर.

मनापासून लिहिला आहेस, ते कळतं. पण पहिला परिच्छेद पूर्ण काढ. 'शूर योद्धा', 'जमालपूरच्या लढाईत पराक्रम गाजवला' हे त्यात राहू देऊ नकोस. आबा जमालपूरला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, लढले नाहीत. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथे लढली ती १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण. कर्नल कुलदीपसिंग ब्रार तिचे कमांडिंग ऑफिसर. आदल्या दिवशी ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तेव्हा समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली होती. रात्रभर ते वेढा फोडून बाहेर पडायला बघत होते आणि आपली पोरं खंदकांतून हलली नाहीत. तो मान त्या पोरांचा आहे. त्यातला कणभरही आपल्या अर्जात यायला नको, आबांना स्वतःलाही ते खपणार नाही.

आबा ड्रायव्हर होते. मेघालयातलं तुरा, महेंद्रगंज आणि सरहद्दीपलीकडचं कमालपूर या रस्त्यावर शक्तिमान ट्रकमधून ॲम्युनिशन आणि रेशन पुढे न्यायचं आणि जखमी जवानांना घेऊन मागे यायचं. गारो टेकड्यांतला रस्ता, रात्रीची वेळ, दिवे बंद. पुढे सहकारी हातात पांढरा रुमाल धरून चालायचा आणि त्याच्या मागे गाडी. ४ डिसेंबरला कमालपूरची पाकिस्तानी चौकी पडली, त्यानंतर गाड्या सरहद्दीपलीकडे जायला लागल्या. एवढंच लिही: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ब्रिगेडसोबत. विशेषणं नकोत. मी आयुष्यभर क्लर्कच्या टेबलावर बसलो आहे. अर्ज वाचणारा माणूस तारीख आणि युनिट शोधत असतो. त्याला ते पहिल्या चार ओळींत सापडलं तर कागद पुढे सरकतो.

आता मेडल का राहिलं ते समजून घे, म्हणजे अर्जात काय मागायचं ते कळेल. जवानाच्या नोकरीत जे काही घडतं, म्हणजे लग्न, मूल, कोर्स, बढती, मेडल, ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रकावर, नोंद चढते. ऑर्डरच निघाली नाही, तर रेकॉर्डच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते. आबांचं नाव एका कंपनीच्या नफरीत, म्हणजे पटावर होतं आणि लढाईच्या दिवसांत गाडीसकट ते दुसरीकडे अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते जोडलेले होते. मेडलांसाठी नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, करायची वेळ आली तेव्हा ज्यांच्यासोबत ते होते त्यांनी आपल्या नफरीतल्या माणसांची नावं पाठवली. मूळ कंपनीला वाटलं, तिकडून नाव गेलं असेल. त्यात आबांची बदली झाली. शेत कसणारा एक आणि सातबाऱ्यावर त्याचं नावच नाही, तसं झालं. अटॅचमेंटवरच्या लोकांचं असं फार होतं. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलवाले, खेचरांबरोबरचे जवान. पलटणीची माणसं एकत्र असतात, एकाचं राहिलं तर दुसरा आठवण करतो. एकट्या माणसाची आठवण करायला कोणी नसतं.

आबांचं डिस्चार्ज बुक मी पुन्हा उघडून पाहिलं. मेडलांच्या रकान्यात शाईनं दोनच नोंदी आहेत: सैन्य सेवा मेडल आणि ९ वर्षांचं लाँग सर्व्हिस. खाली सगळा रकाना कोरा. तू मसुद्यात 'सेना मेडल' लिहिलं आहेस, ते आधी दुरुस्त कर. सेना मेडल शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यासाठी निवडून दिलं जातं, त्याची नावं गॅझेटमध्ये येतात. आबांकडे आहे ते सैन्य सेवा मेडल, अवघड भागात ठरावीक काळ नोकरी केल्याबद्दलचं, त्यावर 'हिमालय' अशी पट्टी आहे. या एका शब्दानं अर्ज खोटा ठरू शकतो.

मागायची आहेत ती मेडलं तीन: स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, संग्राम मेडल आणि पूर्वेकडच्या लढाईचं 'पूर्वी स्टार'. ती तू एका वाक्यात कोंबली आहेस. वेगवेगळी कर, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे.

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल सगळ्यात सोपं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेनेत नोकरीवर होता, त्याचा त्यावर हक्क. आबांची भरतीची आणि डिस्चार्जची तारीख त्यांच्याच बुकात आहे, दुसरा कागद लागत नाही. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२. त्याची व्याप्ती पूर्वी स्टारपेक्षा मोठी आहे आणि त्या काळात आबांची कंपनी ईशान्येतच होती, तेव्हा तेही जमेल. खरी मेहनत आहे पूर्वी स्टारची. पूर्वेकडच्या लढाईच्या क्षेत्रात माणूस प्रत्यक्ष होता, हे तिथे दाखवावं लागेल.

त्यासाठी एक कागद सापडला आहे. तुझ्या आजीच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, आबांनी लढाईत असताना पाठवलेलं पत्र. कागद घड्यांवर फाटला आहे, पण शिक्का वाचता येतो. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आहे, डिसेंबर १९७१ आहे आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आबांचा नंबर, युनिट आणि खाली '९९ एपीओ', म्हणजे सेनेच्या पोस्ट ऑफिसचा नंबर. पश्चिमेकडच्या फौजेची डाक ५६ एपीओनं जायची आणि पूर्वेकडची ९९ एपीओनं. मजकुरात लढाईचं काही नाही, तसं लिहायची परवानगीच नव्हती. थंडी आहे, तब्येत बरी आहे, तांबड्या बैलाला पेंड कमी करू नकोस, मनिऑर्डर पोचली का. पण आपल्या कामाचा आहे तो शिक्का. फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या फौजेबरोबर होतं, याची नोंद सरकारदरबारी असते. पत्राची दोन्ही बाजूंची स्वच्छ रंगीत प्रत काढ. मूळ पत्र मात्र कुठेही द्यायचं नाही, कोणी कितीही मागितलं तरी.

शेजारच्या गावचे आबांचे सोबती त्याच अटॅचमेंटवर होते, त्यांना मी भेटून आलो. कमी ऐकू येतं, पण गाड्यांचे नंबरसुद्धा सांगतात. त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घेऊ. एकट्या प्रतिज्ञापत्रावर कोणी मेडल देत नाही, पत्राला त्याचा आधार होईल.

अर्ज आबांच्या कोअरच्या (सेनेतल्या शाखेच्या) रेकॉर्ड ऑफिसला जाईल आणि त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. सही आबांचीच हवी. तुझी किंवा माझी चालणार नाही, नोंद त्यांची आहे. सोबत माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज कर, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून: शीट रोलची प्रत आणि त्या काळातल्या अटॅचमेंटच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद मुदत संपल्यामुळे नष्ट केले असं उत्तर आलं तर खचू नकोस, लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, काय म्हणतो ते विचार, तो ठेवलेला असतो. मसुद्याच्या शेवटी तू सैन्यदलांच्या ट्रिब्युनलमध्ये (न्यायाधिकरणात) जाण्याची धमकी दिली आहेस, ती काढ. मुंबईत बेंच आहे, गरज पडली तर जाऊ. पहिल्याच कागदात भांडण कशाला?

तू विचारलं होतंस की ऑनलाइन हुबेहूब मेडलं मिळतात, ती घेऊन आबांना का देऊ नयेत. अरे, तशी मेडलं आम्हीही लावायचो. खरी पेटीत ठेवायची आणि परेडला कोर्ट माउंटिंग केलेली, म्हणजे पट्टीवर पक्की बसवलेली नक्कल लावायची, त्यात वावगं काही नाही. पण ते ज्याच्या बुकात नोंद आहे त्यानं. नोंद नसताना छातीवर लावलं, तर उद्या कोणी विचारलं तर आबा काय दाखवतील? शिवाय खऱ्या मेडलवर माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. बाजारातल्या धातूवर आबांचं नाव असेल का?

आणि हो, यातून एक रुपया मिळणार नाही. पेन्शन वाढणार नाही, सवलत मिळणार नाही. तुझ्या काकांनी हे ऐकून हात झटकले. त्यांचं मला वाईट वाटलं. ज्या देशानं आबांना अंधारात दारूगोळ्याची गाडी चालवायला लावली, त्या देशाच्या कागदावर 'हा माणूस तिथे होता' एवढी ओळ यायला हवी. हे मी उपकार म्हणून मागत नाही, ती त्यांची बाकी आहे. आबांना मी यातलं सगळं सांगितलं आहे. पहिल्यांदा म्हणाले, 'राहू दे आता, किती वर्षं झाली.' दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना स्वतःहून गाडीचा नंबर सांगितला आणि म्हणाले, 'हा लिहून घे, अर्जात लागेल.' तो वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवतो आहे.

शनिवारी येताना अर्जाच्या चार प्रती आण, स्टँपपॅड आण, आबांची सही हल्ली थरथरते म्हणून अंगठाही घेऊन ठेवू. स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पावती माझ्याकडे द्यायची. आबांच्या चष्म्याची काडी तुटली आहे, फ्रेमचं माप तुझ्या आईनं कळवलं आहे, ते विसरू नकोस.

तुझे,
आप्पा