अण्णांच्या सहीशिवाय वाडा विकायचा तर

नाशिक

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुमचे भाऊ अण्णा बेपत्ता असताना वाडा कसा विकायचा, हे विचारणारं तुझं पत्र आणि मिळकत पत्रिकेची (मालकीच्या सरकारी उताऱ्याची) नक्कल मिळाली. जुन्या नाशकातल्या त्या वाड्याला तुम्हा चौघा भावंडांची नावं लागली आहेत, म्हणजे अण्णांचा चार आणे हिस्सा उभाच आहे. दलाल म्हणतो तसं तिघांच्या सह्यांवर खरेदीखत करू नकोस. त्यात तुमचा बारा आणे हिस्साच विकला जाईल. शिवाय कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे सामाईक ताबा मागता येत नाही. असा वाडा कोणी घेतलाच तर भाव पाडून घेईल. अण्णांचं जुनं मुखत्यारपत्रही वापरू नकोस. देणारा हयात नसेल तर ते संपतं, आणि अण्णा हयात आहेत हे आज तुमच्यापैकी कोण शपथेवर सांगेल?

सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस मयत धरतात का, असं विचारलंस. माणूस आपोआप मयत धरला जात नाही. ज्यांना त्याची खबर सहज लागली असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, हे कोर्टात सिद्ध करून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. पूर्वी हे साक्षीपुरावा कायद्याचं कलम 108 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. अण्णांचं सुरतेहून आलेलं शेवटचं पत्र पाच वर्षांपूर्वीचं, त्यामुळे ही वाट आज बंद आहे. वारस नोंदीतून नाव गाळून घ्या असं कोणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठव.

वाटपाच्या दाव्याला मात्र थांबायची गरज नाही. तुम्ही तिघं वादी, अण्णा प्रतिवादी. वाड्याचे सरसनिरस, म्हणजे मोलाने सारखे, चार तुकडे सोयीने पडत नाहीत, जिना एक, चौक एक, हे दाखवायचं आणि वाटप कायदा 1893, कलम 2 खाली विक्री मागायची. निम्म्या किंवा जास्त हिश्श्याच्या मालकांनी मागणी करावी लागते. तुमच्याकडे पाऊण आहे. विक्री कोर्टामार्फत होते, राखीव किमतीसह, आणि अण्णांचे पैसे कोर्टात त्यांच्या नावे राहतात. वाड्यातले भाडेकरू मात्र तसेच राहतील, घेणाऱ्याला ते आधीच सांगा.

दावा अडकतो तो समन्सपाशी. आधी सुरतेच्या पत्त्यावर रीतसर समन्स आणि स्पीड पोस्ट जाऊ दे. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच वकिलांकडे द्या. हरवल्याची तक्रार पोलिसांत दिलेली नसेल तर आता द्या आणि पोच सांभाळा. हे सगळं दाखवल्यावर कोर्ट पर्यायी बजावणीचा हुकूम करतं: समन्सची एक प्रत कोर्टात लागते, दुसरी अण्णा शेवटी राहिले त्या घराच्या दारावर, आणि जाहीर नोटीस वर्तमानपत्रात. वर्तमानपत्र सुरतेत खपणारं हवं. शेवटचा ठावठिकाणा जिथला, तिथलं दैनिक असा नियमच आहे. नाशिकच्या दैनिकात नोटीस देऊन मोकळं होणं ही नेहमीची चूक.

इतकं करूनही एक दार उघडं राहतं आणि ते राहायलाच हवं. मुदत कायद्याचा अनुच्छेद 123 पर्यायी बजावणीला योग्य बजावणी मानत नाही. अण्णा परत आले तर एकतर्फी हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज त्यांना करता येतो. म्हणून शोध घेतल्याचा प्रत्येक कागद जपायचा, आणि त्यांच्या हिश्श्यातला एक रुपयाही ‘आल्यावर देऊ’ म्हणून घरात ठेवायचा नाही. तो त्यांचाच आहे, भले ते कधी मागायला येवोत न येवोत.

आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात हिस्से ठरतात. विक्री आणि पैशांची वाटणी त्यानंतर. घेणाऱ्याकडून आत्ताच मोठा विसार घेऊ नकोस. ठरल्या तारखेला खरेदीखत देणं तुमच्या हातात नाही.

येताना अण्णांचं ते शेवटचं पत्र पाकिटासकट आण. आतल्या मजकुरावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर असेल, आणि सात वर्षं मोजायची वेळ आलीच तर तोच पुरावा. ताईंना सांग, पाकीट पत्रापासून वेगळं करू नका.

तुझा,
विनायक