पत्रे चढले की निघेन

लिव्हिंगस्टोनियाजवळ, मलावी
सप्टेंबरअखेर

प्रिय आई आणि पप्पा,
सप्रेम सलाम.

मी अगदी बरी आहे, हे आधी लिहिते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. मच्छरदाणी रोज लावते, मलेरियाची गोळी चुकवत नाही, पाणी उकळलेलंच पिते. त्या फोटोत शर्ट ढगळ आहे, मी बारीक झालेली नाही.

मावशीला सांगा, कुणाचा धर्म बदलायला आम्ही आलेलो नाही. बदलायला उरलंय कोण? स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी 1875 मध्येच इथल्या मलावी सरोवराकाठी पोचले आणि 1894 मध्ये डॉ. रॉबर्ट लॉज यांनी वर पठारावर हे मिशन वसवलं. रविवारी इथल्या बायका गायला लागल्या की आपणच कालपरवाचे ख्रिस्ती वाटतो. आम्ही शाळेच्या दोन खोल्या बांधतोय, एवढंच. वाळू, माती आणि माणसं गावाची. सिमेंट, लाकूड आणि पत्रे मिशनचे.

पप्पा, "इंजिनियर केलं ते मजुरी करायला का?" असं तुम्ही दादाकरवी विचारलंत. मजुरी मला कुणी करू देत नाही. आमच्या गटात उत्साह उदंड, पण ओळंबा धरता येणारी मी एकटीच. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला गेलो की गावातले मिस्त्री आमचे वाकडे थर उतरवून पुन्हा रचतात. मला ते दिसतं, मी बोलत नाही. आमच्या सगळ्यांच्या विमानभाड्यात त्यांनी तिसरी खोलीही उभी केली असती, हेही बोलत नाही. विटा इथे भाजायच्या नाहीत असं ठरलंय, कारण भट्ट्यांच्या लाकडापायी डोंगर उघडे पडतात. मातीत थोडं सिमेंट कालवून हाताच्या यंत्रात दाबून ठोकळे पाडतो, मग ते झाकून त्यांच्यावर रोज पाणी मारायचं. ते पाणी बाया डोक्यावरून आणतात.

आता काम लांबलं का, ते नीट सांगते, म्हणजे कुणी "ही मुद्दामच राहिली" म्हणणार नाही. गावात कुणी वारलं की काम थांबतं. शेतातलं, बांधकामावरचं, सगळं. कालवलेला माल पाटीत सुकला तरी चालेल. मयत नात्यातलं असायची गरज नाही, त्याच्याशी भांडण असलं तरी जायचंच. बायका घरात मयताजवळ बसतात, रात्रभर गातात. पुरुष बाहेर अंगणात बसतात, तरुण पोरं कबर खणतात. घराघरातून मक्याचं पीठ, सरपण, जमतील तसे पैसे येतात, कारण आलेल्या सगळ्यांना तिथेच जेवू घालायचं असतं. दफन होईपर्यंत कुणी कुदळ उचलली तर गावप्रमुखाला जाब द्यावा लागतो. आणि जो जात नाही, त्याच्या घरच्या मयताला कोण येणार? शेजारच्या गावातलं मयतही धरतात, म्हणजे आमचं वेळापत्रक गेलंच. पहिल्या वेळी मी मिस्त्रींना म्हटलं, निदान ठोकळ्यांवर पाणी मारायला दोघांना तरी ठेवा. ते नुसते हसले आणि मलाच बरोबर घेऊन गेले. आत बायकांत बसवलं. बोलायचं काही नसतं, बसायचं. कुणी विचारलंही नाही की ही कोण, कुठली. आई, घाबरू नकोस, साथबीथ काही नाही. म्हातारी माणसं होती.

तर मुद्दा असा, की नोव्हेंबरात पावसाळा लागतो आणि त्याआधी पत्रे चढले नाहीत तर मातीच्या भिंती उघड्यावर भिजतील. बाकीचा गट ठरल्या तारखेला परततोय, मी मागे थांबतेय. ऑफिसला कळवलंय, बिनपगारी रजा मंजूर झाल्यातच जमा आहे.

दादा, तुझ्या साखरपुड्याला मी नसेन. अनोळखी माणसांच्या मयताला बसते आणि सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला येत नाही, हे वहिनीच्या घरच्यांना कसं सांगायचं ते तूच बघ. साडी माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, तिच्यासाठीच घेऊन ठेवलेली. घडी मोडली तर इस्त्री करून दे. लग्नाला मी आहेच, देवळात लग्नाची सूचना वाचली जाईल त्या पहिल्या रविवारीसुद्धा असेन.

पप्पा, माझ्या तिकिटासाठी एफडी मोडलीत हे मला दादाकडून कळलं. तुम्ही म्हणाला होतात, बोनस आलाय. आल्यावर दर महिन्याला फेडेन, आणि "मुलीकडून पैसे घेत नाही" हे या वेळी ऐकणार नाही.

पाळकसाहेबांनी सुचवलेल्या मुलाचा फोटो पाहिला. बरा आहे. त्यांना इतक्यात हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. नाताळात घरी या म्हणावं, तोवर मी पोचलेली असेन.

तुमची,
बेबी

ता. क. हाताला घट्टे पडलेत तो फोटो मुलाकडच्यांना दाखवू नका.